अल्बर्टा हंटरची वीस वर्षे

अल्बर्टा हंटर ही ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या सुखदुःखाची गाणी, गाणारी कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका. तिच्याविषयी जे काही लिहिले जाते, ते बहुतेक वेळा १९७७ सालापासून सुरू होते. त्या वर्षी न्यूयॉर्कमधल्या एका सार्वजनिक रुग्णालयाने आपल्या एका परिचारिकेला वयाची सत्तरी झाली म्हणून सेवानिवृत्त केले. प्रत्यक्षात ती ८२ वर्षांची होती; या पेशात शिरताना तिने वयातली बारा वर्षे गाळली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ती ग्रेनिच व्हिलेजमधल्या एका लहानशा रेस्तराँमध्ये गायला उभी राहिली आणि वर्तमानपत्रांना मनाजोगी कहाणी मिळाली: लोक विसरून गेलेली गायिका, वीस वर्षांचे मौन आणि ऐंशी ओलांडल्यावर झालेले पुनरागमन.

यातला बहुतेक तपशील खराच आहे. तरीही या मांडणीत रुग्णालयातली वर्षे म्हणजे एक लांबलेले मध्यंतर ठरतात. जणू कुणीतरी येऊन आपल्याला शोधून काढील, याची वाट बघत ती तिथे दिवस काढत होती. तिच्या आयुष्याविषयी जसजसे वाचत गेले आणि तिचे ध्वनिमुद्रण ऐकत गेले, तसतसे हे चित्र मला अधिकाधिक खटकू लागले. अल्बर्टा हंटर कुणाची वाट बघत बसणारी बाई नव्हती. ती गाण्यात आली तीही स्वतःच्या मर्जीने आणि गाणे सोडून गेली तीही स्वतःच्या मर्जीनेच.

तिचा जन्म १ एप्रिल १८९५ रोजी टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात झाला. वडील रेल्वेच्या पुलमन डब्यांत, म्हणजे शयनयान डब्यांत, पोर्टर होते, पण त्यांचा सहवास तिला जवळपास लाभलाच नाही. आई लॉरा ही एका कुंटणखान्यात मोलकरीण होती. शिकागोत गाणाऱ्या मुलीला आठवड्याला १० डॉलर मिळतात, असे कुणाकडून तरी तिच्या कानावर आले आणि कोवळ्या वयात ती घर सोडून शिकागोला गेली. गाण्याचे काम काही लगेच मिळाले नाही. मिळाले ते एका खाणावळीतले काम. आठवड्याला ६ डॉलर आणि राहणे-जेवणे. पुढे आईही मेम्फिस सोडून तिच्याकडे राहायला आली आणि या मायलेकींचे एकमेकींना धरून राहणे आयुष्यभर टिकले. हा धागा पुढे महत्त्वाचा ठरतो.

शिकागोत तिचे शिक्षण झाले ते बदनाम वस्तीतल्या दारूच्या गुत्त्यांत. तिथून पनामा कॅफे आणि १९१७ च्या सुमारास ड्रीमलँड, जिथे जॅझचा कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हर याचा वाद्यवृंद वाजत असे, अशी ती एकेक पायरी चढत गेली. मायक्रोफोन नव्हता. माणसांच्या बोलण्याच्या, ग्लासांच्या, बँडच्या आवाजावर स्वतःचा आवाज चढवायचा, एका टेबलापासून दुसऱ्या टेबलापर्यंत फिरत गायचे, प्रत्येक टेबलावरच्या माणसाला हे गाणे आपल्यासाठीच आहे असे वाटायला लावायचे, आणि तेही शब्द न गिळता. तिच्या गाण्यातला शब्दोच्चार इतका स्वच्छ का, याचे उत्तर मला या टेबलांमध्ये सापडते. ड्रीमलँडमध्ये तिचा पगार आठवड्याला ३५ डॉलरपर्यंत गेला. नवी गाणी लोकांपुढे यावीत म्हणून गीतकार ती घेऊन तिच्याकडे येत असत.

इथे थोडे थांबून त्या काळाविषयी सांगायला हवे. ऑगस्ट १९२० मध्ये मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेने ओके कंपनीसाठी एक ब्लूज ध्वनिमुद्रित केले आणि ते अनपेक्षितपणे तुफान खपले. कृष्णवर्णीय माणसे स्वतःची गाणी विकत घेतील, यावर तोपर्यंत कंपन्यांचा विश्वासच नव्हता. तो बसल्यावर सगळ्यांची धावपळ सुरू झाली, आणि पुढची काही वर्षे ब्लूजच्या तबकड्यांचे जग मुख्यतः स्त्रियांचे होते. मा रेनी, बेसी स्मिथ, आयडा कॉक्स, एथेल वॉटर्स, अल्बर्टा हंटर. गिटार घेऊन एकटाच गाणारा पुरुष हे ब्लूजचे चित्र आज आपल्या डोळ्यांपुढे येते, पण तबकड्यांच्या बाजारात ते नंतरचे आहे. आधी आल्या त्या या बायका, मणी-मोत्यांचे पोशाख घालून, पियानो आणि कॉर्नेटच्या साथीने नाट्यगृहे भरवणाऱ्या.

अल्बर्टाने पहिले ध्वनिमुद्रण १९२१ मध्ये ब्लॅक स्वान या कृष्णवर्णीय मालकीच्या कंपनीसाठी केले आणि पुढच्याच वर्षी ती पॅरामाउंटकडे गेली. ही पॅरामाउंट म्हणजे सिनेमावाली नव्हे. विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्या बनवणाऱ्या एका कारखान्याची ही शाखा होती. कारखाना फोनोग्राफची लाकडी कपाटे बनवू लागला, कपाटे विकली जावीत म्हणून तबकड्या काढू लागला, आणि अशा रीतीने अमेरिकेच्या संगीताचा एक अमोल ठेवा फर्निचरच्या धंद्याच्या पोटातून जन्माला आला. तबकड्यांच्या जाहिराती ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रात छापून येत. त्या टपालाने मागवता येत, आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांमधले पुलमन पोर्टरही त्या सोबत नेऊन विकत. ज्या पोर्टर बापाची तिला ओळखही नव्हती, त्याच्याच पेशाच्या माणसांनी तिचा आवाज गावोगाव पोहोचवला असेल, हा विचार मनात आला की मी थोडा वेळ तिथेच घुटमळते.

पॅरामाउंटसाठी १९२२ मध्ये तिने ‘डाउन हार्टेड ब्लूज’ हे गाणे गायले. शब्द तिचे, चाल लव्ही ऑस्टिन या पियानोवादक बाईची. दोन बायकांनी मिळून रचलेले हे गाणे. आरंभी थोडी प्रस्तावना, मग ब्लूजचे बारा बारचे (म्हणजे मात्रांच्या बारा गटांचे) आवर्तन: एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यायचे. दुसऱ्यांदा म्हणताना ओळ तीच असते, पण गाणारीचा तिच्याशी असलेला संबंध बदललेला असतो. पहिल्या वेळी ती सांगते आणि दुसऱ्या वेळी तिला स्वतःलाच ते पटलेले असते. या गाण्यात प्रेमात पोळलेली बाई रडून मोकळी होत नाही. शेवटाकडे येताना ती म्हणते की सारे जग मी एका सुरईत भरून ठेवले आहे आणि तिचे बूच माझ्या हातात आहे. ही प्रतिमा लोकांच्या तोंडी कदाचित आधीपासून असेल, पण जिथे ती येते तिथे सगळ्या गाण्याचा तोल फिरतो. तक्रार करणारी बाई अटी घालू लागते.

फेब्रुवारी १९२३ मध्ये बेसी स्मिथने कोलंबिया कंपनीसाठी हेच गाणे गायले. ती तिची पहिली प्रसिद्ध झालेली तबकडी. पहिल्या सहा महिन्यांत तिच्या ७ लाख ८० हजार प्रती खपल्या, असे सर्वत्र नोंदवलेले आहे. बेसीचे नाव त्या एका तबकडीने देशभर झाले. गीतकार म्हणून अल्बर्टाच्या हाती मात्र ३६८ डॉलर पडले. गाण्याचे हक्क पॅरामाउंटच्या बाजूने परस्पर कोलंबियाला विकले गेले होते आणि मानधनाची रक्कम भलतीकडेच वळली होती. १९०९ च्या कायद्याने प्रत्येक प्रतीमागे २ सेंट हा दर ठरवून दिला होता. त्या पूर्ण दराने हिशेब केला तर नुसत्या पहिल्या सहा महिन्यांचे १५ हजार ६०० डॉलर होतात. त्यात प्रकाशकाचा वाटा काढला आणि उरलेले दोघींमध्ये वाटले, तरी ३६८ हा आकडा कुठल्याही गणितात बसत नाही. हा विषय ती उतारवयातही विसरली नव्हती, आणि तिने तो का विसरावा?

या अनुभवानंतर तिने जे केले ते मला फार बोलके वाटते. पॅरामाउंटशी करार असतानाच ती दुसऱ्या कंपन्यांसाठी वेगळ्या नावांनी गाऊ लागली. १९२४ मध्ये जेनेट या कंपनीसाठी ‘जोसेफिन बीटी’ या नावाने तिने जे गायले, त्यात तिच्या साथीला लुई आर्मस्ट्राँग आणि सिडनी बेशे हे पुढे जॅझमध्ये विख्यात झालेले तरुण वादक होते. नाव बदलायला तिला काही वाटत नसे, वय बदलायला वाटत नसे, आणि पुढे पेशा बदलायलाही वाटले नाही. दुसऱ्याच्या हातात गेलेली वस्तू परत मिळत नसेल, तर निदान पुढची वस्तू त्याच्या हातात जाणार नाही इतके बघायचे, असा तिचा खाक्या होता.

१९२७ मध्ये ती युरोपला गेली. पुढच्या वर्षी लंडनच्या ड्ररी लेन नाट्यगृहात ‘शो बोट’ हे संगीत नाटक आले, त्यात विख्यात कृष्णवर्णीय गायक-नट पॉल रोब्सन होता आणि त्याच्यासोबत क्वीनीच्या भूमिकेत अल्बर्टा. १९३० च्या दशकात पॅरिस, कोपनहेगन, लंडनचे डॉर्चेस्टर हॉटेल अशी तिची वर्षे गेली. ज्या देशात जाई तिथल्या भाषेत एखाद-दुसरे गाणे बसवण्याची तिला हौस होती. मायदेशी ज्या हॉटेलांत तिला मागच्या दाराने आत घेतले असते, तसल्याच हॉटेलांत ती इथे पाहुण्यांसमोर मानाने गात होती. या काळातले तिचे गाणे मात्र मला तितकेसे धरत नाही. डॉर्चेस्टरच्या वाद्यवृंदासोबतची गाणी गुळगुळीत, उत्तम शिवलेली आणि सभ्य आहेत. ड्रीमलँडची टेबले त्यांत ऐकू येत नाहीत. पण त्या गाण्यांनी आईला पैसे जात होते, आणि ती गाणी तिने मन लावून गायली.

तिच्या खाजगी आयुष्याविषयी तिने स्वतः फारसे कधी बोलू दिले नाही. १९१९ मध्ये विलर्ड टाउनसेंडशी तिचे लग्न झाले, ते काही महिन्यांतच संपले; हा टाउनसेंड पुढे रेल्वे हमालांचा मोठा कामगार पुढारी झाला. तिच्या आयुष्यातले खरे साहचर्य होते ते लॉटी टायलर या स्त्रीचे, जी विख्यात नट बर्ट विल्यम्स याची भाची. त्या काळी ही गोष्ट उघड होणे म्हणजे सगळेच गमावणे होते. तिने ती झाकून ठेवली, आणि त्या झाकून ठेवण्याचाही मान राखावा असे मला वाटते.

दुसऱ्या महायुद्धात ती यूएसओ या सैनिकांचे मनोरंजन करणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या एका कृष्णवर्णीय पथकाची प्रमुख होती. हे पथक १९४४ मध्ये चीन, ब्रह्मदेश आणि भारत या युद्धक्षेत्रात आले होते. अमेरिकेचे सैन्य तेव्हा वर्णाप्रमाणे विभागलेले होते, आणि आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशात जाणारा रस्ता जंगल आणि चिखल फोडून बांधणाऱ्या अमेरिकन जवानांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. एरवी ब्लूज आणि जॅझ आपल्याकडे आले ते बड्या हॉटेलांच्या दाराने. शिकागोतच नाव कमावलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये वाजवत असे, आणि त्या मंडळींकडून शिकलेल्या गोव्याच्या वादकांनी पुढे हिंदी चित्रपटसंगीताला वळण दिले. अल्बर्टा मात्र इथे आली ती घरापासून हजारो मैल दूर पडलेल्या आपल्या माणसांसाठी. कोरियाच्या युद्धातही ती सैनिकांसमोर गायली.

आणि मग १९५० च्या दशकाच्या मध्यावर तिने गाणे थांबवले. कामे कमी झाली होती, लोकांची आवड बदलली होती, हे खरेच आहे. पण मुख्य कारण आईचे होते. शिकागोत आठवड्याला १० डॉलर मिळवायला निघालेली पोर ज्या बाईसाठी कमवत होती, ती बाई गेल्यावर रंगमंचावर उभे राहण्यात तिला रस उरला नाही. तिने आधी एका रुग्णालयात स्वयंसेविका म्हणून काम केले होतेच. साठीला टेकलेल्या बाईला परिचारिकेच्या अभ्यासक्रमात कुणी घेतले नसते, म्हणून तिने वय बारा वर्षांनी कमी केले, शाळेचे शिक्षण पूर्ण झाल्याचे सांगितले, अभ्यास केला, परीक्षा दिली आणि परवानाधारक प्रॅक्टिकल नर्स झाली. मग ईस्ट रिव्हरमधल्या चिंचोळ्या बेटावरच्या गोल्डवॉटर मेमोरियल हॉस्पिटलमध्ये तिने सुमारे वीस वर्षे काम केले. हे बेट म्हणजे तेव्हाचे वेल्फेअर आयलंड, आजचे रूझवेल्ट आयलंड.

गोल्डवॉटर हे जुनाट आजारांचे रुग्णालय होते. तिथे आलेला माणूस चार दिवसांत बरा होऊन घरी जात नसे. कित्येक जण वर्षानुवर्षे एकाच खाटेवर असत. अशा ठिकाणी प्रॅक्टिकल नर्सचे काम काय असते, हे माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात मी जवळून पाहिले आहे. त्यांच्या वॉर्डात रात्रपाळीला एक वयस्कर सिस्टर होत्या. दर दोन तासांनी त्या येत, एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घालत, वडिलांना कुशीवर वळवत, पाठ पुसून पावडर लावत, चादरीची एकही सुरकुती अंगाखाली राहणार नाही असे बघत, कारण एका सुरकुतीनेही पाठीला जखम होते. हे करताना त्या वडिलांना आधी सांगत, “आजोबा, आता डावीकडे वळू या हं.” वडिलांना तेव्हा बहुतेक काही कळत नव्हते, तरी त्या प्रत्येक वेळी सांगत. मला उगीचच वाटते, की त्या आवाजाने त्यांचे अंग थोडे सैल पडायचे. अल्बर्टा हंटरने हे काम वीस वर्षे केले, वयाच्या ६२ पासून ८२ पर्यंत, ज्या वयात इतरांना कुणीतरी कुशीवर वळवत असते.

म्हणून तिच्या या वर्षांना अज्ञातवास म्हणायला माझे मन धजत नाही. आपण कोण होतो हे तिने रुग्णांना आणि सहकाऱ्यांना सांगत बसण्याची गरज मानली नाही. आणखी एक गोष्ट मला दिसते, ती माझी समजूत आहे असे समजा. ज्या बाईच्या गाण्याचे पैसे तिच्या डोळ्यांदेखत दुसरीकडे गेले होते, तिला महिन्याच्या महिन्याला स्वतःच्या नावाने मिळणाऱ्या पगाराची किंमत वेगळी वाटली असणार. वळवलेल्या रुग्णाचे श्रेय कुणी परस्पर विकू शकत नाही.

ती गाण्याला विटली होती असेही नाही. १९६१ मध्ये जुन्या ब्लूज गायिकांच्या शोधात असलेल्या ख्रिस अल्बर्टसनने तिला गाठले, तेव्हा नोकरी सांभाळून ती ध्वनिमुद्रणाला गेली. एकदा ती शिकागोला गेली आणि लव्ही ऑस्टिन पियानोवर होती. चाल रचणारी आणि शब्द रचणारी, दोघीही उतारवयात, पुन्हा एका खोलीत. ध्वनिमुद्रण झाले, आणि अल्बर्टा परत वॉर्डात रुजू झाली. पुनरागमनच करायचे असते तर याहून चांगली संधी कोणती होती? तिला ते नको होते. १९७७ मधली सेवानिवृत्तीही तिने मागितलेली नव्हती. ठेवून घेतले असते तर ती राहिली असती.

निवृत्तीनंतर एका मेजवानीत कुणी तिचे गाणे ऐकले आणि बार्नी जोसेफसनला कळवले. हा तोच जोसेफसन, ज्याने १९३८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॅफे सोसायटी हा गोऱ्या आणि काळ्या प्रेक्षकांना शेजारी शेजारी बसवणारा क्लब काढला होता. आता त्याचे ‘द कुकरी’ हे रेस्तराँ होते. एथेल वॉटर्सचे त्याच सप्टेंबरमध्ये निधन झाले होते. बेसी स्मिथला जाऊन चाळीस वर्षे होत होती, मा रेनी १९३९ मध्येच गेली होती. त्या पिढीतली ही एक बाई ऑक्टोबरमध्ये पियानोशेजारी उभी राहिली आणि काही आठवड्यांचा करार पुढे वर्षांवर गेला. व्हाइट हाउसमध्ये जिमी कार्टर यांच्यासमोर ती गायली, ब्राझीलला जाऊन आली.

तिच्या या काळातल्या कार्यक्रमांची चित्रमुद्रणे उपलब्ध आहेत. पियानोवर जेराल्ड कुक, बासवर जिमी लुईस, एवढीच साथ. केस मागे ओढून बांधलेले, कानांत मोठाली डुलणारी कर्णभूषणे, एक हात मांडीवर ठेका धरतो आहे. खट्याळ, द्व्यर्थी गाणे म्हणताना ती डोळे मिचकावत नाही, लाजत नाही, नुसती सरळ प्रेक्षकांकडे बघते आणि शब्द इतके स्पष्ट टाकते की अर्थ टाळायला कुणाला जागाच उरत नाही. म्हातारीच्या तोंडी असले गाणे, म्हणून काही जण हसतात. ती त्या हसण्यासाठी थांबत नाही; पुढची ओळ वेळेवर येते.

‘डाउन हार्टेड ब्लूज’ तिने १९७८ मध्ये पुन्हा गायले, आणि ती तबकडी कोलंबियाने काढली, म्हणजे ज्या कंपनीने बेसीची तबकडी विकली होती तिनेच. निर्माता जॉन हॅमंड होता, ज्याने बेसी स्मिथचे १९३३ मधले अखेरचे ध्वनिमुद्रण केले होते. १९२२ च्या तबकडीवर अल्बर्टाचा आवाज कर्ण्यातून आलेला, उंच, थोडा घाईतला आणि खरखरीच्या पडद्यामागचा आहे. १९७८ चा आवाज खाली उतरलेला आहे, कडांना खडबडीत झाला आहे, लांब स्वर ती फार ताणत नाही. पण सुरईची ओळ येते तेव्हा तरुणपणी ती जिथे जोर देत होती, तिथे आता ती जोर देत नाही. ओळ सहज बोलल्यासारखी सोडून देते आणि ठेका किंचित मागे ठेवते, जणू या बाबतीत कुणाला काही पटवून देण्याची गरज तिला उरलेली नाही. बेसीची तबकडी अधिक भव्य आहे हे मान्य करूनही, या गाण्यासाठी मी आता १९७८ चीच लावते.

१७ ऑक्टोबर १९८४ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये तिचे निधन झाले. त्याच्या काही महिने आधीपर्यंत ती कार्यक्रम करत होती.